पेठेतलं पहिलं बोलणं वाचवू या

शुक्रवार पेठेतल्या आयांनो, आज्यांनो, बापांनो, मंडळांच्या कार्यकर्त्यांनो आणि अंगणवाडीच्या ताईंनो,

पेठेत वाचवण्याजोगं पुष्कळ आहे. जुने वाडे आहेत, बुजत चाललेले आड आहेत, बंद पडणारे माग आहेत. त्यांच्यासाठी कुणी ना कुणी निवेदन देतं, वर्तमानपत्रात लिहितं. मी ज्यासाठी लिहिते आहे त्याचा फोटो निघत नाही. तीन वर्षांच्या आतल्या बाळाशी घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं आपल्या घरांतून कमी होत चाललं आहे, आणि ते आपणच वाचवायला हवं. ‘हे खा’, ‘तिकडे जाऊ नको’ एवढ्या बोलण्याबद्दल मी म्हणत नाही. बाळानं हुंकार द्यायचा, आपण त्याच्या डोळ्यांत बघून ‘हो का? मग काय झालं?’ म्हणायचं, मग गप्प राहून त्याला पुन्हा हुंकार देऊ द्यायचा. या देवाणघेवाणीतून माणसाचा मेंदू घडतो, आणि तिला दुसरा कुठलाही पर्याय अजून सापडलेला नाही.

कुठल्याही दुपारी गल्लीतून एक चक्कर मारा. दीड वर्षाचं पोर भिंतीला टेकून बसलेलं, मांडीवर मोबाईल, त्यावर भडक रंगांची गाणी, आणि बोट सराईतासारखं स्क्रीनवर सरकतंय. शेजारी आई सूप पुढ्यात घेऊन विड्या वळते आहे. हजार विड्या पुऱ्या करून तिला त्या ब्रँचला द्यायच्या आहेत. नाहीतर नळाला पाणी आलेलं असतं. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की घरातला प्रत्येक हात घागरी-बादल्यांना लागतो. त्या वेळात रांगणाऱ्या पोराला सांभाळायचं कुणी? मोबाईल सांभाळतो. घास भरवतानाही तोच, झोपवतानाही तोच. या आईला मी दोष देणार नाही. तिच्या मदतीला जी माणसं होती ती एकेक करून पांगली. कुणाची सासू कुंभारीच्या घरकुलात राहायला गेली, कुणाची नणंद नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि नवरा रात्री उशिरा घरी येतो. पण दोष कुणाचाही नसला तरी नुकसान व्हायचं थांबत नाही.

ते नुकसान केवढं आहे, हे समजून घ्यायला हवं. जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव हिस्सा असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत तो सुमारे 80 टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत सुमारे 90 टक्के आकाराला येतो. मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्मतःच असतात. झपाट्यानं वाढतात त्या त्यांच्यातल्या जोडण्या. पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला 10 लाखांहून अधिक जोडण्या तयार होतात, असं हार्वर्ड विद्यापीठाचं बालविकास केंद्र सांगतं. त्यातल्या सगळ्या टिकत नाहीत. वापरात येतात त्या पक्क्या होतात, न वापरलेल्या मेंदू स्वतःच छाटून टाकतो. रडल्यावर कुणी येतं का, आवाज काढला की उलट आवाज येतो का, बोट दाखवलं तर कुणी तिकडे बघतं का, यावर कुठल्या जोडण्या राहतील हे ठरत जातं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलं आहे की मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. पहिलीच्या प्रवेशासाठी आपण धावपळ करतो, तोवर बहुतेक काम उरकलेलं असतं.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग ती काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. हसत नाही, उत्तर देत नाही, नुसती बघत राहते. बाळाला काही क्षणांतच कळतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडून बघतं. काहीच होत नाही असं दिसल्यावर तोंड फिरवतं आणि शेवटी रडू लागतं. प्रयोगात आईचा चेहरा लगेच पूर्ववत होतो आणि बाळ सावरतं. आपल्या घरांत मात्र तो निर्विकार चेहरा दिवसभर असतो, कारण तो फोनमध्ये गुंतलेला असतो. म्हणून नुसता बाळाच्या हातातला मोबाईल काढून भागणार नाही. आपल्या हातातलाही खाली ठेवावा लागेल, आणि हे मी आयांच्या आधी बापांना सांगते आहे.

कुणी म्हणेल, मोबाईलवर गाणी ऐकून पोरगं इंग्रजी शिकतंय की! पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन याचं उत्तर देतं. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून गप्पा मारल्या, खेळणी दाखवली, पुस्तकं वाचली. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसं, तोच मजकूर टीव्हीवर दाखवला. समोर माणूस असलेल्या बाळांनी चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकून घेतले. टीव्हीपुढच्या बाळांना काहीही आलं नाही. स्क्रीन बाळाला उत्तर देत नाही, त्याच्यासाठी थांबत नाही, त्याच्या डोळ्यांत बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असंच सांगते. परगावच्या आजीशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, कारण तिथे पलीकडे उत्तर देणारी आजी असते.

आता आपल्या आज्यांकडे वळते, कारण हे शास्त्र त्यांच्या हातात आधीपासून आहे. पदर तोंडावर घेऊन ‘बुवा… कूक!’ करायचा खेळ बघा. सात-आठ महिन्यांच्या बाळाला अजून पक्कं कळलेलं नसतं की दिसेनाशी झालेली आई नाहीशी झालेली नाही. पदर पडतो, आई हसते, आणि बाळाला खात्री पटत जाते की गेलेलं माणूस परत येतं. हीच खात्री तिसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या दारात त्याच्या कामी येते. तळहातावर मोर बसवायचा आणि मग भुर्रकन उडवायचा, तो खेळ घ्या. मोर उडायच्या आधी आजी क्षणभर थांबते. त्या क्षणात बाळ श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत असतं. पुढे काय होणार याचा अंदाज बांधणं आणि दम धरणं, दोन्ही तिथे शिकून होतं. मोर उडाल्यावर बाळ आपला तळहात पुन्हा पुढे करतं. शब्द एकही नाही, पण ‘पुन्हा कर’ ही मागणी स्पष्ट आहे. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं संभाषण असतं.

चिऊचा घास आणि काऊचा घासही तसाच. आई कौलावरच्या चिमणीकडे बघते, बाळ आईच्या नजरेमागून तिकडे बघतं, मग परत आईकडे बघतं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर येणं ही भाषेची पहिली पायरी आहे, कारण आई ‘चिऊ’ म्हणते तेव्हा तो शब्द नेमका कशाला आहे हे बाळाला त्यातूनच कळतं. मोबाईल बघत भरवलेला घास पोटात जातो, पण त्याची चव, पोट भरल्याची जाणीव आणि ही नजरेची देवघेव तिन्ही निसटतात. आणि काऊचं शेणाचं घर वाहून जातं ती गोष्ट! पावसात भिजणारा कावळा दारात उभा असतो आणि चिमणी दार उघडायला वेळ लावते. तीन वर्षांच्या पोराला विचारा, काऊला कसं वाटत असेल? चिमणीनं काय करायला हवं होतं? दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं ते त्या गोष्टीत शिकतं. शाळेत त्याचा तास नसतो.

जुनं म्हणून सगळंच राखा असं मी म्हणणार नाही. बागुलबुवाची भीती, ‘पोलीस घेऊन जातील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘आई सोडून जाईल’ या धमक्या मात्र टाकून द्या. धाकानं पोर गप्प बसतं, शांत होत नाही. रडणाऱ्या मुलाला ‘मुलगा असून रडतोस?’ म्हणणंही सोडा. त्यापेक्षा त्याला काय होतंय ते त्याच्या वतीनं बोलून दाखवा. ‘दादानं गाडी घेतली म्हणून राग आला ना?’ ‘भोंग्याच्या आवाजाची भीती वाटली?’ आपल्या भाषेत रुसणं आहे, हिरमुसणं आहे, लाजणं आहे, धसका आहे. दोन-अडीच वर्षांचं पोर हे शब्द ऐकून शिकतं. ‘मला राग आलाय’ असं ज्याला म्हणता येतं, त्याला दात-नखं वापरण्याची गरज कमी पडते.

बापांना वाटतं, हे बायकांचं काम. पण गड्डा यात्रेच्या दिवसांत बघा. हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज रस्त्यानं येत असतात आणि कितीतरी बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे असतात. पोर बोट दाखवतं, बाप म्हणतो, ‘तो बघ, केवढा उंच! पेललाय कसा बघ त्यानं!’ पोर पुन्हा बोट दाखवतं, बाप पुन्हा सांगतो. हे बोट दाखवणं साधारण वर्षाच्या आसपास सुरू होतं, आणि बाळाच्या बोटाला मोठ्या माणसानं शब्द देणं हे भाषेसाठी सगळ्यात मोलाचं काम आहे. यात्रेच्या दिवशी ज्या बापाला ते जमतं, त्याला रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटंही जमेल. भाजीच्या गाडीवरची वांगी-टोमॅटो दाखवायला, रिक्षा मोजायला, शेजारच्या शेळीशी गप्पा मारायला पैसे लागत नाहीत.

आपल्या शहरात आणखी एक मोठी ठेव आहे. शुक्रवार पेठेतून साखर पेठेपर्यंत चालत गेलात तरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडतात. बाळाशी कुठल्या भाषेत बोलायचं, असं अनेक तरुण आईबाप विचारतात, आणि बरेच जण मोडक्या इंग्रजीत सुरुवात करतात. जी भाषा तुम्हाला न अडखळता येते, जिच्यात तुम्ही रागावता, लाड करता, अंगाई म्हणता, तीच बोला. घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी असेल तर दोन्ही बोला. लहान मेंदूला दोन-तीन भाषा जड जात नाहीत. त्याला जड जातो तो बोलण्याचा तुटवडा. अडीच वर्षांच्या मुलाला नर्सरीत बसवून त्याच्या हातात पेन्सिल देणं आणि घरी त्याच्याशी कुणीच न बोलणं, या दोन्ही गोष्टी आज एकाच घरात घडतात. यातलं पहिलं थांबवलं तरी चालेल, दुसरं थांबवलंच पाहिजे.

हजार विड्या वळायच्या असताना बोलायचं कधी, हा प्रश्न खरा आहे. त्याचं अर्धं उत्तर घरात आहे. पान कापताना, विडी वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. तंबाखूपासून दूर, पण आईच्या नजरेसमोर बाळाला बसवा. डबे-झाकणं, चिंध्यांची बाहुली, लाकडी चमचा त्याच्या पुढ्यात ठेवा, आणि ते जे करेल त्यावर बोलत राहा. एवढ्यानं काय होणार, असं वाटत असेल तर जमैकाची गोष्ट ऐका. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत, उंचीनं खुरटलेल्या 129 बाळांना घेऊन सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटानं काम सुरू केलं. त्यातल्या काही घरांत एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं हे आईला करून दाखवी. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती. त्या आयाही आपल्यासारख्याच कष्टकरी होत्या. त्यांना पैसे मिळाले नव्हते, आठवड्याला एक तास कुणीतरी सोबत मिळाली होती.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग सरकारकडून आणि महापालिकेकडून मागून घ्यायचा आहे. विडी कामगारांसाठीच्या 1966 च्या कायद्यानं पाळणाघर सांगितलं ते कारखान्याच्या आवारात. घरात बसून विड्या वळणारीला त्याचा उपयोग झाला नाही. आता केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. 2024 मध्ये शून्य ते तीन वयासाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडाही आला, आणि घरोघरी जाऊन बाळाशी खेळ, बोलणं, हालचाल कशी करून घ्यायची हे त्यात सांगितलं आहे. कागदावर सगळं आहे. पेठेतल्या अंगणवाडीच्या खोलीत मात्र तीन वर्षांखालचं बाळ वजनापुरतं आणि शिध्याच्या पाकिटापुरतं येतं. ताईंचा वेळ पोषण ट्रॅकरच्या नोंदीत जातो. त्यांनी 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर संप केला तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूनं उभे राहिलो? बाळाच्या मेंदूचं काम ज्यांच्या हाती दिलं आहे त्यांना पुरेसं मानधन, उजेडाची खोली आणि लिखापढीपासून मोकळा वेळ मिळावा, ही मागणी ताईंच्या इतकीच आपली आहे.

या महाराष्ट्रात हे काम कुणी केलंच नाही असं नाही. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गरीब वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केलं, आणि बिया, दगड, पानं, शिंपले हीच त्यांची साधनं होती. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, देशभरच्या अंगणवाड्यांची योजना सुरू झाली. पेठेतली अंगणवाडी ही त्या कामाची वारस आहे. तिला खिचडीची खोली म्हणून वागवू नका.

एका बाबतीत मात्र थांबून चालणार नाही. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ असं म्हणून आपण वर्षं घालवतो. वर्षाचं झालेलं बाळ नावानं हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षापर्यंत बोट दाखवत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात हरवले असतील, तर लगेच दाखवा. आधी कान तपासून घ्या. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायला हवी आणि विकासातला उशीर ओळखणं हा त्या तपासणीचाच भाग आहे. ती झाली का, हे ताईंना विचारा. आणि स्वमग्न मूल असेल तर त्याच्या आईला ‘मोबाईल दिलास म्हणून झालं’ असं कुणीही सुनावू नका. ते खोटं आहे आणि क्रूर आहे. अशा मुलाला तर लवकर मदत आणि जास्त बोलणं लागतं.

शेवटी मंडळांना सांगणं आहे. आपल्या भागातल्या आजोबा गणपतीची स्थापना 1885 ची सांगितली जाते. लोकांनी एकत्र येऊन काही सुरू करायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं, हे या पेठेला शिकवावं लागत नाही. यंदाच्या वर्गणीतला एक हिस्सा गल्लीतल्या अंगणवाडीच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी काढा. सतरंजी, लाकडी ठोकळे, चित्रांची जाड पानांची पुस्तकं, पंखा. मंडळाच्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ आज्यांची ठेवा. चारही भाषांतल्या आज्यांनी आपापले तळहातावरचे खेळ, अंगाया आणि गोष्टी नव्या आईबापांना शिकवाव्यात, आणि तेवढा वेळ सगळ्यांचे फोन दाराशी राहावेत. पाणी यायच्या दिवशी पाळीपाळीनं एका घरात बाळं सांभाळा, म्हणजे त्या दोन तासांचा ताबा मोबाईलकडे जाणार नाही.

येत्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत जा. तीन वर्षांखालची किती बाळं नोंदली आहेत, पाळणाघरासाठी अर्ज गेला आहे का, खोलीत काय कमी आहे, हे ताईंना विचारून एका कागदावर लिहून घ्या. तो कागद मंडळाच्या बैठकीत वाचा, आणि तिथून सह्यांसकट महापालिकेत न्या.